भालाफेक बघायची कशी: भाला सोडा, डावा पाय बघा

पॅरिस ऑलिंपिकची फायनल आठवतीये ना, ८ ऑगस्ट २०२४, आपल्याकडे रात्रीचे बारा वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा सुरू झाली, आणि आमच्या घरी मामा, आई, मी आणि अर्धवट झोपेतला भाचा असे सगळे टीव्हीसमोर. नीरज चोप्राचा पहिला थ्रो फाऊल, दुसरा ८९.४५, मग फाऊल, फाऊल, फाऊल, फाऊल. मामा शेवटी वैतागून म्हणाला, अरे सहातले पाच बाद आणि तरी रौप्य कसं काय, हे काय क्रिकेटमधे चालेल का. हसू आलं पण खरं सांगायचं तर त्या रात्री घराघरात हाच प्रश्न होता. आपण सगळे २०२१ च्या टोकियोतल्या नीरजच्या सुवर्णानंतर भालाफेक बघायला लागलो, आणि बघतो कसं तर भाला हवेत गेला की मान वर, खाली पडला की आकडा काय आला. बस. म्हंजे अर्धा खेळ बघतच नाही आपण.

तर हे मामासाठी लिहायला घेतलं होतं, तुम्हालाही चालेल. पुढच्या वेळी भालाफेक लागली की काय बघायचं, कुठे बघायचं, आणि आकडा येण्याआधीच थ्रो कसा होता ते कसं ओळखायचं. उदाहरणं नीरजचीच घेतो कारण ती सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

आधी नियम पटकन उरकतो. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, लांबी २.६ ते २.७ मीटर. बायकांचा ६०० ग्रॅम. फायनलला बारा जण, प्रत्येकाला तीन थ्रो, मग पहिले आठ पुढे आणि त्यांना आणखी तीन. (२०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपला हे जरा बदललं, तिथे तिसऱ्या थ्रोनंतर टप्प्याटप्प्याने माणसं कमी करत नेली, त्याची गोष्ट शेवटी येईल.) सहापैकी सगळ्यात लांबचा एकच धरतात, बाकीचे पाच फाऊल असोत नाहीतर सत्तर मीटर असोत, काही फरक नाही. बरोबरी झाली तरच दुसरा बेस्ट बघतात. झालं, मामाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं.

पण फाऊलबद्दल अजून एक. लाल झेंडा दिसला म्हंजे खेळाडू चुकलाच असं नाही. थ्रो हातातून सुटला की त्याला तिथल्या तिथे कळतं की कमी पडणारे, मग बरेच जण मुद्दाम चालत जाऊन पुढच्या रेघेवर पाय टाकतात (रेघेला पाय लागला की थ्रो बाद), नावापुढे ७६ वगैरे लागण्यापेक्षा फाऊल बरा. त्यामुळे फाऊल दिसला की आधी बघा, पाय तोल जाऊन रेघेवर गेला का चालत चालत गेला. पहिला खरा फाऊल, दुसरा म्हंजे वहीतलं बिघडलेलं पान फाडून टाकणं.

भाला धातूच्या टोकाकडूनच आधी जमिनीला लागायला पाहिजे, रुतलाच पाहिजे असं नाही. शेपटी आधी टेकली तर बाद. आणि दोन्ही बाजूच्या पांढऱ्या रेघांच्या आत पडायला पाहिजे. वाऱ्याचा मात्र काही हिशोब नाही हं, शंभर मीटरच्या धावण्यात किंवा लांब उडीत पाठीमागून वारा जास्त असला तर विक्रम धरत नाहीत, भालाफेकीत तसलं काही नाही, वारा तुमच्या बाजूने असला तर असला.

आता मुख्य गोष्ट.

भाला बघू नका. खरंच सांगतो, पहिले दोन-तीन थ्रो भाल्याकडे बघायचंच नाही असं ठरवा. उजव्या हाताने फेकणारा असेल तर त्याचा डावा पाय बघा, तोसुद्धा फक्त शेवटचं पाऊल. खेळाडू धावत येतो, भाला डोक्याजवळ धरलेला असतो, मग मधेच भाला मागे नेतो आणि अंग आडवं करून खेकड्यासारखी तीन-चार पावलं टाकतो, एक पाय दुसऱ्यावरून, ह्याला क्रॉस स्टेप म्हणतात. मग उजवा पाय पडतो आणि लगेच डावा पुढे जाऊन टाच रोवतो. तो डावा पाय गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे, खांबासारखा. ह्याला ब्लॉक म्हणतात. सगळा खेळ तिथे आहे.

का, ते एसटीत उभं राहून प्रवास केलेल्याला लगेच कळेल. गाडी जोरात चाललीये आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की पाय जागच्या जागी आणि धड पुढच्याच्या अंगावर. भालाफेकवाला हेच स्वतःच्या अंगाला करून घेतो. पूर्ण वेगात पळत येऊन डावा पाय म्हंजे ब्रेक, खालचं सगळं थांबतं आणि तो वेग कमरेतून छातीत, छातीतून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि शेवटी मनगटात जातो, प्रत्येक जण पुढच्याला झटका देतो. गोफण फिरवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, दगडाला वेग हाताने नाही, दोरीच्या टोकाने मिळतो. इथे हात म्हंजे दोरी. चांगल्या फेकीत भाला सुटताना ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. आणि तो गुडघा जरा जरी वाकला, तर ब्रेक अर्धवट लागला, वेग गुडघ्यातच जिरला, वरचा हात कितीही ताकदीचा असू दे.

पटत नसेल तर एक प्रयोग करा, मी भाच्याबरोबर करून बघितलाय. टेनिस बॉल घ्या (काठी नको, सोसायटीत तर अजिबात नको), मोकळ्या मैदानात उभं राहून फेका, कुठे पडला तिथे चप्पल ठेवा. मग तीन पावलं पळत येऊन डावा गुडघा मुद्दाम वाकवत फेका. मग परत पळत या आणि डावा पाय खाड्कन ताठ रोवून फेका. आमच्या भाच्याची तिसरी चप्पल, म्हंजे माझीच चप्पल, पहिलीपेक्षा चांगली सात-आठ पावलं पुढे गेली, आणि पोरगं नंतर जांघेत दुखतंय म्हणून बसलं. ते दुखणं पण लक्षात ठेवा, कारण नीरजच्या करिअरमधे ते परत परत येतं.

२०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला, अमेरिकेतल्या युजीनला, नीरजने ८८.१३ टाकून रौप्य घेतलं, आणि तिथेच जांघ दुखावली म्हणून बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ हुकली. पॅरिसलाही जांघेची धास्ती होती हे त्याने स्वतःच सांगितलंय. पूर्ण वेगातलं अंग एका पायावर थांबवायचं म्हंजे तो झटका कुठेतरी जाणारच. कोपराचंही तसंच, २०१९ च्या मे महिन्यात उजव्या कोपराचं ऑपरेशन आपल्या मुंबईत झालं, ते पूर्ण वर्ष गेलं, दोहाची वर्ल्ड चॅम्पियनशिप गेली, आणि जानेवारी २०२० मधे दक्षिण आफ्रिकेत पॉचेफ्स्ट्रूमला परत आला तो थेट ८७.८६ टाकून, टोकियोचं तिकीट घेऊनच.

ब्लॉक काय चीज आहे हे बघायचं असेल तर नीरजचा नाही, योहानेस फेटरचा टोकियोतला व्हिडिओ काढा. हा जर्मन माणूस सप्टेंबर २०२० मधे ९७.७६ फेकून आलेला, २०२१ मधे नव्वदच्या वर फेकणं त्याला रोजचं झालं होतं, सगळे म्हणत होते सुवर्ण ह्याचंच. आणि ७ ऑगस्ट २०२१ च्या फायनलला त्याचा पाय तिथल्या धावायच्या पट्टीवर बसेच ना. ८२.५२, नववा, तीन थ्रोनंतर घरी. फेटरचा ब्लॉक फार जबरी, सगळं त्या एका पायाच्या भरवशावर, आणि पाय धरत नाही म्हटल्यावर हातातली ताकद काय लोणच्याला घालायची. त्याच दिवशी त्याच पट्टीवर नीरजने पहिला ८७.०३ आणि दुसरा ८७.५८ टाकला आणि विषय संपवला. मग ७६.७९, दोन फाऊल, ८४.२४. शेवटच्या थ्रोआधीच सुवर्ण पक्कं होतं.

त्या दुसऱ्या थ्रोला त्याने काय केलं आठवतंय? भाला अजून हवेत आणि हा हात वर करून मागे वळला. लोकांना वाटलं केवढा माज. माज नाही हो, त्याला कळलेलं असतं. पाय बसला, हात सगळ्यात शेवटी आला, भाला टोकाच्या रेषेत गेला, की फेकणाऱ्याला आकडा आधीच कळतो. तुम्हीही दहा-बारा थ्रो पाय बघत बसलात की तुम्हालाही थोडं थोडं कळायला लागतं, आणि तेव्हा खरी मजा येते.

पायाची सवय झाली की मग भाला बघा, पण तोही पहिल्या अर्ध्या सेकंदातला. स्लो मोशनमधे शेपटी थरथरतीये का बघा. ज्या दिशेला टोक आहे बरोबर त्याच दिशेला जोर लागला तर भाला गुपचूप जातो, जोर जरा तिरका लागला की शेपटी माशासारखी हलते आणि तेवढी ताकद वाया. मग पुढचं टोक खाली वळतं आणि भाला सूर मारतो. हा सूर मारण्याचा किस्सा भारी आहे. १९८४ मधे पूर्व जर्मनीच्या उवे होनने बर्लिनला १०४.८० मीटर फेकला, म्हंजे अजून थोडा जोर लावला असता तर समोरच्या धावपट्टीवरची माणसं धोक्यात. शिवाय जुने भाले आडवे पडायचे, टोक आधी लागलं का नाही ह्यावरून वाद. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला, भाला लवकर खाली वळायला लागला आणि सगळे विक्रम नव्याने सुरू झाले. नव्या भाल्याचा विक्रम चेक रिपब्लिकच्या यान झेलेझ्नीचा, ९८.४८, मे १९९६, अजून कोणी मोडलेला नाही. आणि गंमत बघा, हे दोघेही नीरजचे कोच झाले, होन २०१८ च्या सुमारास आणि झेलेझ्नी २०२५ च्या हंगामात. मधली वर्षं क्लाऊस बार्टोनिएट्झ, टोकियो-पॅरिसचे कोच तेच.

पुढे, रेघ. कॅमेरा बाजूने असतो तेव्हा भाला सुटला त्या क्षणी पाय रेघेपासून किती मागे आहे ते बघा. मोजमाप पायापासून होत नाही, पुढच्या वळणदार रेघेपासून होतं, म्हंजे दोन मीटर मागून सोडला तर ते दोन मीटर पाण्यात. मग रेघेला चिकटून का सोडत नाहीत? कारण थांबायला जागा लागते. नीरज तर थ्रो केल्यावर पुष्कळदा पुढे झोपतोच, हातावर पडतो, त्याला जागा जास्तच लागते. आता पॅरिस परत बघा. दुसऱ्या फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ टाकला, ऑलिंपिक विक्रम, आधीचा ९०.५७ होता बीजिंगचा. त्याच फेरीत नंतर नीरज आला आणि ८९.४५ टाकला, त्याचा त्या हंगामातला तोपर्यंतचा सर्वोत्तम. आता समोर साडेतीन मीटरचा डोंगर, तो चढायचा तर वेग वाढवायला पाहिजे, वेग वाढवला की थांबायची जागा पुरत नाही, रेघ पायाखाली. उरलेले चारही फाऊल ह्या हिशोबातून बघा, मामाला हे सांगितल्यावर तो गप्प झाला.

अजून एक सांगायचंय ते मला स्वतःला फार उशिरा कळलं. नीरजचे सगळ्यात लांबचे थ्रो एका कागदावर लिहून काढले आणि शेजारी नंबर कितवा आला ते लिहिलं. २०२२ तुर्कू, ८९.३०, दुसरा. त्याच महिन्यात स्टॉकहोम, ८९.९४, दुसरा, ग्रेनेडाच्या अँडरसन पीटर्सने ९०.३१ टाकला. पॅरिस ८९.४५, दुसरा. मे २०२५ दोहा, एकदाचा नव्वद पार, ९०.२३, सगळा देश नाचला आणि जर्मनीच्या युलियन वेबरने शेवटच्या थ्रोला ९१.०६ टाकून पहिला नंबर नेला, हा परत दुसरा. आणि सुवर्णं? टोकियो ८७.५८, बुडापेस्टची २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप ८८.१७, हांगझोऊ एशियाड ८८.८८. म्हंजे आपण चार वर्षं "नव्वद कधी, नव्वद कधी" करून त्याचं डोकं खाल्लं आणि सुवर्ण आली ती सगळी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीवर. माझं मत विचाराल तर नीरजची खरी ताकद लांब फेकण्यात नाहीच, पाहिजे त्या दिवशी, पाहिजे त्या वेळी अठ्ठ्याऐंशी काढण्यात आहे. असं रोज काढणारी माणसं जगात फार थोडी.

म्हणून सहा थ्रो एकेक सुटे बघू नका, ओळीने बघा, कोण कोणाला काय बोलतोय ते ऐकल्यासारखं. बुडापेस्टला पहिला फाऊल, दुसरा ८८.१७, मग बाकीच्यांनी डोकं आपटत बसायचं, अर्शद ८७.८२ पर्यंत आला. हांगझोऊला पहिला थ्रो तर यंत्राच्या गोंधळात मोजलाच गेला नाही, परत फेकायला लावलं, ८२.३८ आला. मग ओडिशाचा किशोर जेना, आपलाच, ८६.७७ टाकून पुढे गेला, आणि नीरजने चौथ्याला ८८.८८ काढला. जेना तरी सोडतोय का, ८७.५४. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही घरात. ती स्पर्धा मी आयपीएल फायनलपेक्षा वर ठेवेन, शिव्या घाला हवं तर.

सेंटिमीटर पण बघा. दोहा २०२४, नीरजचा ८८.३६ विरुद्ध चेक रिपब्लिकच्या याकुब वाडलेचचा ८८.३८. ब्रुसेल्स २०२४, डायमंड लीग ह्या वर्षभराच्या स्पर्धामालिकेची फायनल, नीरज ८७.८६ आणि पीटर्स ८७.८७. एक सेंटिमीटर! बोटाच्या नखाएवढं. आणि तेव्हा नीरजच्या डाव्या हाताचं हाड मोडलेलं होतं, नंतर एक्सरे टाकला त्याने.

क्वालिफायर, म्हंजे फायनलआधीची पात्रता फेरी, बघायचा असेल तर एकच सूचना, चहा आधीच ठेवा. टोकियो २०२१ पहिल्या थ्रोला ८६.६५, बुडापेस्ट पहिल्या थ्रोला ८८.७७, पॅरिस पहिल्या थ्रोला ८९.३४, बूट काढले आणि निघाला. ठरलेला आकडा गाठला की पुढचे दोन फेकायची गरज नसते. मी पॅरिसला दूध उतू जातंय म्हणून उठलो, परत आलो तर माणूस बॅग भरत होता.

आणि स्पर्धेत दोघांच्या हातात एकच भाला दिसला तर व्हॉट्सॲपवर बोंब मारू नका. टोकियोनंतर झालं होतं तसलं, अर्शदने नीरजचा भाला घेतला म्हणून लोक पेटले. तपासून जमा केलेले भाले कोणीही वापरू शकतो, नियमच तसा आहे. शेवटी नीरजलाच सांगावं लागलं की माझं नाव घेऊन असलं काही पसरवू नका.

घरात कोणी पोरगं बघून बघून भाला पाहिजे म्हणायला लागलं तर ऑनलाईन मागवून अंगणात देऊ नका. जिल्ह्याच्या मैदानावर किंवा शाळेच्या पीटी सरांकडे न्या, महिनाभर बॉल फेकणं आणि उभ्याने फेकणं एवढंच करू द्या. अठराखालच्या मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा, मुलींचा ५००, त्याहून हलके पण मिळतात. समोर माणूस असताना फेकायचा नाही, फेकलेला आणायला पळत जायचं नाही आणि धरायचा तो उभा, हे तीन नियम पाठ झाल्याशिवाय हातात द्यायचाच नाही. पोराचं वजन जास्त आहे म्हणून लाजू नका, नीरजचा जन्म २४ डिसेंबर १९९७ चा, गाव खंडरा, पानिपत जिल्हा, घरात दूध-तूप भरपूर, पोरगं गुबगुबीत, म्हणून घरच्यांनी वजन उतरवायला पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर धाडलं आणि तिथे त्याने भालेवाले बघितले. पानिपत आणि शिवाजी स्टेडियम, आपल्याला ऐकूनच कसंतरी होतं ना. तो रोड समाजातला, आणि तिथले रोड मराठा आपण पानिपतात मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज असं सांगतात, त्यावर वाद घालायचा तर एकदा वेगळं बसू. पुण्यात मात्र त्याचं नाव पक्कं आहे, आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या स्टेडियमला २०२१ पासून नीरज चोप्रा स्टेडियमच म्हणतात. २०१६ मधे पोलंडला ८६.४८ टाकून वीसखालचा विश्वविक्रम केला तेव्हा रिओ ऑलिंपिकला पात्र व्हायची मुदत संपून बारा दिवस झाले होते, पात्रता होती ८३. त्या वर्षीच सैन्यात नायब सुभेदार झाला.

आता गृहपाठ. दोन व्हिडिओ काढा, टोकियो ऑगस्ट २०२१ आणि टोकियो सप्टेंबर २०२५. स्टेडियम तेच, माणूस तोच. आवाज बंद करा, कॉमेंट्री नको. दुसऱ्यात पाठ दुखत असताना उतरलेला नीरज आहे, ८३.६५, ८४.०३, फाऊल, ८२.८६, फाऊल, आणि पाचव्या थ्रोनंतर बाहेर, आठवा नंबर. फक्त शेवटचं पाऊल बघत जा, एकदा ह्यातलं, एकदा त्यातलं.

ती २०२५ ची फायनल दुपारी होती, मामा दुकान पोराच्या भरवशावर टाकून आलेला. पॅरिसवेळचा मामा नव्हता हा, भाला हवेत असतानाच म्हणाला, "नाही रे, आज पाय बसत नाहीये त्याचा." कोणी काही बोललं नाही. मग थोड्या वेळाने पडद्यावर आपल्याच सचिन यादवचं नाव आलं, ८६.२७, शेवटी चौथा आला तो, आणि मामा खुर्ची पुढे ओढून, "हा कोण नवीन? थांब, परत दाखवतील, ह्याचा पाय बघू दे."